गुलमंडीवरील ऑनलाइन शेठ

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या बाजारपेठेत, म्हणजे गुलमंडी, औरंगपुरा, पैठण गेट आणि सिटी चौक या टापूत, गेल्या काही वर्षांत दुकानदारांचा एक नवा वर्ग उदयाला आला असून, सोयीसाठी त्यास ‘ऑनलाइन शेठ’ असे संबोधणे युक्त ठरेल. या वर्गातील शेठ पन्नाशी ओलांडलेले, पैठण्या आणि हिमरू शाली विकणारे, आणि गादीवरून न उठता तीन पिढ्यांचे गिऱ्हाईक चेहऱ्यावरून ओळखणारे असतात. हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम यांच्या मिश्र विणीचे वस्त्र. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलविली, तेव्हा त्याच्यामागून आलेल्या विणकरांशी या कलेचा संबंध जोडला जातो, आणि शेठ ही हकीकत अशा जिव्हाळ्याने सांगतात, की तुघलकाच्या खात्यावर अजून काही बाकी निघत असावी असा ऐकणाऱ्याचा समज होतो.

शेठना संकेतस्थळाच्या मार्गाला लावणारा बहुधा भाचा असतो (पुतण्या नव्हे, दुकानाच्या वाटणीपासून पुतण्याशी बोलणे बंद असते). संकेतस्थळ आठवड्यात उभे राहते, शालींची छायाचित्रे चढतात, आणि मग पैसे घ्यायचे कसे, हा प्रश्न निघतो. त्याचे उत्तर ‘पेमेंट गेटवे’ हे असल्याचे भाचा जाहीर करतो, आणि बावन्न दरवाजांच्या या शहरात त्यावरून कोणालाही सुचेल असा जो विनोद आहे, तोही लगोलग करून मोकळा होतो. काटेकोरपणे पाहता गेटवे ही केवळ व्यवहार पुढे पोहोचविणारी यंत्रणा होय. ग्राहकाचा पैसा स्वतःकडे घेऊन नंतर दुकानदाराला देणारी संस्था ‘पेमेंट ॲग्रिगेटर’ म्हणविते, आणि रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मधील मार्गदर्शक सूचनांत हा भेद केला असून, असा पैसा बँकेतील स्वतंत्र ‘एस्क्रो’ खात्यात, म्हणजे तिऱ्हाइताच्या ठेवीसारखा, ठेवण्याचे बंधन घातले आहे. शेठ या दोहोंना ‘गेटवेवाले’ म्हणतात आणि दोहोंवर सारखाच संशय घेतात.

त्याच सूचनांनी दुकानदाराची पूर्वचौकशी करण्याची जबाबदारीही ॲग्रिगेटरवर टाकलेली असल्यामुळे, ज्या गृहस्थांना गुलमंडीवरचा चहावाला अर्ध्या हाकेत ओळखतो, त्यांना आपण आपणच आहोत हे प्रथमच कागदोपत्री सिद्ध करावे लागते, आणि ते सोपे नसते. आधार कार्डावर त्यांचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने असते. पॅनवर वडील एका अक्षरापुरते उरलेले असतात. बँकेच्या चालू खात्यात आडनाव पुढे आलेले असते. आणि दुकानाच्या पाटीवर ‘ब्रदर्स’ असते, यांतील बंधू वाटणीनंतर समोरच दुसरे दुकान थाटून बसलेले असतात. त्यात २०२३ साली शहराचे नाव अधिकृतपणे बदलल्यामुळे काही कागद औरंगाबादचे आणि काही छत्रपती संभाजीनगरचे निघतात. दोन्ही पत्ते एकाच जिन्याचे आहेत हे यंत्राला पटत नाही. नवे नाव रोमन लिपीत लिहिताना मधल्या मोकळ्या जागेसह २५ अक्षरे लागतात, आणि भाचा भरत असलेल्या अर्जात शहरासाठी २० घरे असली, की ‘नगर’ बाहेरच राहते. यादीतून जुने नाव निवडावे, तर तेथे दोन औरंगाबादा असतात, त्यांपैकी एक बिहारची. आणि घाईत बोट नेमके तिच्यावर पडते.

यानंतरचा टप्पा धोरणांचा. माल परत घेण्याच्या अटी आणि परताव्याची मुदत संकेतस्थळावर स्पष्ट दिसली पाहिजे, असा दंडक आहे. शेठच्या दुकानात या विषयावरचे समग्र धोरण गल्ल्यामागच्या भिंतीवर एका ओळीत रंगविलेले असते: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. तेवढ्यावर भागत नाही असे कळल्यावर भाचा कोठल्या तरी दुसऱ्या दुकानाची चार पाने जशीच्या तशी उचलतो. परिणामी हिमरू शालीच्या ग्राहकास असे आश्वासन मिळते, की पादत्राणाचा क्रमांक चुकल्यास सात दिवसांत बदलून मिळेल आणि सर्व वाद बेंगळुरूच्या न्यायालयाच्या कक्षेत राहतील. शेठनी ही पाने वाचलेली नसतात. ग्राहकानेही वाचलेली नसतात, त्यामुळे उभयपक्षी समाधान नांदते.

खाते खरे आहे की नाही हे तपासण्यासाठी ॲग्रिगेटर त्यात एक रुपया जमा करून पाहतो. मुनीमजी तो रुपया इमानाने ‘जमा रु. १, अनोळखी इसमाकडून’ असा नोंदवितात, आणि तो परत कोणाला करायचा, यावर दोन दिवस विचारविनिमय चालतो. पुढे ‘टेस्ट मोड’ येतो, म्हणजे खोट्या कार्डाने खोटा पैसा भरून यंत्रणा चालते का हे पाहण्याची अवस्था. पडद्यावर हिरव्या अक्षरांत साडेचार हजार रुपये आल्याचे झळकताच शेठ पोऱ्याला पेढे आणायला पिटाळतात, स्वतः शालीची घडी घालून पुडके बांधतात आणि ‘टेस्ट कस्टमर’ या गृहस्थांचा पत्ता भाच्याकडे मागतात. हा ग्राहक अस्तित्वात नाही हे समजल्यावर ते पुडके उघडतात, परंतु पेढे मागे फिरत नाहीत.

खरी कसोटी यंत्रणा सुरू झाल्यानंतर लागते. आलेला पैसा दुकानदाराच्या खात्यात वळता होण्याला ‘सेटलमेंट’ म्हणतात, आणि त्यास साधारणतः दोन कामकाजी दिवस लागतात. ज्या शेठच्या वहीत लग्नाच्या बस्त्याची उधारी दोन दोन दिवाळ्या सुखाने नांदते, त्यांना या दोन दिवसांत झोप येत नाही. ‘माझे पैसे यांच्याकडे कशाला?’ हा त्यांचा सवाल असतो आणि एस्क्रोचे स्पष्टीकरण त्यावर लागू पडत नाही, कारण उधारी बुडविणारा रस्त्यात गाठता येतो. एस्क्रोला कोठे गाठणार? शुल्काचे दुखणे निराळेच. गेटवेचा दर दोन टक्क्यांच्या घरात आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे पाच हजारांच्या शालीमागे एकशे अठरा रुपये, हा हिशेब ते तोंडी करतात आणि दिवसभर उगाळतात. हेच शेठ समोरच्या ग्राहकाने नुसते ‘काही कमी करा ना’ म्हटले, तर पापणी न हलविता तीनशे सोडतात. ते तीनशे त्यांनी सोडलेले असतात, हे एकशे अठरा कोणीतरी कापलेले असतात; व्यापारशास्त्राच्या पुस्तकांत या भेदाला जागा मिळालेली नाही, ही त्या पुस्तकांची उणीव म्हटली पाहिजे.

गल्ल्यावरच्या क्यूआरवर मात्र त्यांचा जीव असतो. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयच्या व्यवहारावर व्यापाऱ्याकडून ‘एमडीआर’, म्हणजे बँकांची दलाली, घ्यायची नाही असे धोरण जानेवारी २०२० पासून आहे. शिवाय शेजारची पेटी जमा रकमेचा आकडा असा मोठ्याने पुकारते, की तो समोरच्या बंधूंच्या दुकानातही ऐकू जावा. गेटवे मुकाट्याने ई-मेल पाठवितो, आणि शेठ ई-मेल उघडत नाहीत.

म्हणून लवकरच संकेतस्थळावर, ‘आत्ता पैसे भरा’ या बटणाच्या खाली आणि त्याहून मोठ्या लाल अक्षरांत, ‘पैसे भरण्यापूर्वी एकदा फोन करावा’ अशी ओळ येते. फोन आला, की शेठ प्रथम गाव विचारतात. पलीकडच्या बाईंनी वैजापूर म्हणताच सासुरवाडीकडच्या दोन आडनावांची चौकशी होते, त्यांतले एक बाईंच्या जावेचे माहेर निघते, आणि ॲग्रिगेटरला तीन आठवडे लागलेले ओळखपडताळणीचे काम दीड मिनिटात उरकते. ‘ताई, ते बटण राहू द्या,’ शेठ सांगतात, ‘शाल आजच लावून देतो. पैशाचं काय, गुलमंडीला याल तेव्हा द्या.’