वॅट, वजन आणि वडसा

बेस गिटारला चारच तारा असतात, हे नागभीडमध्ये कुणालाच पटत नाही. पहिला प्रश्न ठरलेला: "बाकीच्या दोन तुटल्या का गा?" नाही म्हटलं की दुसरा: "मंग घेतानाच कमी पैशात भेटली असन." या दोन प्रश्नांची मला सवय झाली आहे. अडचण झाली ती तिसऱ्याने. गिटारसाठी कॉम्बो ॲम्प घ्यायचं मी जाहीर केलं, तेव्हा तो घरातूनच आला: "हा डबा ऐकू कोनाले येनार आहे?"

प्रश्न बिनतोड होता. मी ज्या नाटकांत वाजवतो ती पाहणाऱ्या माणसाला जे ऐकू जातं, ते साऊंडवाल्याच्या थप्पी लावलेल्या पेट्यांतून. कॉम्बो म्हणजे ॲम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच खोक्यात. तो वादकाने शेजारी ठेवायचा, आपण काय वाजवतो आहोत ते आपल्याला कळावं म्हणून. म्हणजे जुन्या पण चालत्या मोटरसायकलच्या भावात अशी वस्तू आणायची, जिचा पहिला श्रोता मी आणि बहुधा शेवटचाही मीच. आमच्याकडे स्वतःपुरता एवढा खर्च माणूस फार तर कवळीवर करतो, आणि तीही निदान चारचौघांना दिसते.

तसं पाहिलं तर झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, नाटकाला बेस गिटार लागतेच असं नाही. दिवाळी झाली, धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की वडशाच्या नाटक कंपन्या बाहेर पडतात, त्या होळीपर्यंत हिंडतात. गावात दिवसा मंडई किंवा शंकरपट, घरोघर पाहुणे, आणि रात्री नाटक. ते दहाच्या पुढे केव्हा तरी सुरू होतं आणि कोंबडा आरवला तरी नायिकेचं लग्न व्हायचं राहिलेलं असतं. २०१४ साली बैलांच्या शर्यतींवर बंदी आली तेव्हा पट थांबले. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि बैलांबरोबर आमच्याही जिवात जीव आला. २०२३ साली झाडीपट्टीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यापासून पुण्यामुंबईकडचे लोकही झाडीपट्टी कुठे आली, एवढी चौकशी करू लागले आहेत. पण या सगळ्या वैभवात संगीत म्हणजे ऑर्गन, तबला आणि अलीकडे कीबोर्ड, ऑक्टोपॅड. बेसचं काम कीबोर्डवाल्याचा डावा हात करतो. माझी खरी स्पर्धा त्या डाव्या हाताशी आहे, आणि त्याला वेगळी नाइट, म्हणजे रात्रीचा मेहनताना, द्यावी लागत नाही.

आतापर्यंत मी विनाॲम्पचा होतो. साऊंडवाला म्हणायचा, "लाइन माह्याकडे दे, मी पाहतो." तो पाहायचा. ऐकायचा नाही. रात्रभर मी तारा ओढायचो आणि आपण सुरात आहोत हे श्रद्धेवर मानायचो.

म्हणून आधी अभ्यास केला. लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस काढली आणि १९५२ मध्ये तिच्यासाठी बेसमन नावाचा ॲम्प. तो गिटारवाल्यांना इतका आवडला की त्यांनीच तो लांबवला. पुढे लंडनच्या जिम मार्शलने १९६२ च्या सुमारास आपला पहिला ॲम्प याच बेसमनच्या आराखड्यावरून बांधला. बेसवाल्यासाठी मांडलेली खुर्ची दुसऱ्याने उचलून नेण्याची पद्धत किती जुनी आहे, ते इथे कळतं. दरम्यान १९६० मध्ये ॲम्पेग कंपनीचा बी-१५ आला. त्याचा वरचा भाग काम झालं की उलटा करून पेटीतच बंद करता येई. माणुसकी असलेलं यंत्र होतं. त्याच कंपनीने १९६९ मध्ये तीनशे वॅटचा एसव्हीटी काढला आणि तो रोलिंग स्टोन्सच्या अमेरिका दौऱ्यावर गेला. त्याच्या आठ स्पीकरच्या पेटीला वादक फ्रिज म्हणतात. रोलिंग स्टोन्सकडे फ्रिज उचलायला माणसं होती. माझ्याकडे स्प्लेंडर आहे.

तेव्हा पहिली कसोटी वजनाची. पंधरा इंची स्पीकरचे जुन्या घडणीचे कॉम्बो वीस-पंचवीस किलोंच्या घरात जातात. "म्हंजे अर्धा कट्टा," बाबांनी हिशेब केला, "आन् त्यात दाना एक नाही." क्लास-डी तंत्र आल्यापासून मात्र वजनं उतरली, काही स्पीकरांत जड चुंबकाऐवजी निओडिमियमचा हलका चुंबक आला. फेंडरचाच रंबल ५०० दोन दहा-इंची स्पीकरांसकट साडेसोळा किलोंच्या आसपास भरतो, आणि बारा इंचीचा रंबल १०० जेमतेम दहा. आमच्याकडे हा फरक फक्त पाठीच्या मणक्यांपुरता नाही. २०१८ मध्ये नागभीडजवळ घोडाझरी अभयारण्य जाहीर झालं, पण वाघांनी त्याआधीही परवानगी कुठे मागितली होती? पहाटे नाटक आटोपून ब्रह्मपुरी किंवा सिंदेवाहीकडून परतताना रस्त्यात तो बसलेला दिसला, तर ॲम्प टाकून पळायचं की घेऊन पळायचं, हे वजनावर ठरतं. दहा किलोंपर्यंत घेऊन. पुढे वाघाची मर्जी.

एसटीने न्यावा म्हटलं तर कंडक्टरशी गाठ. "ह्या डब्याचं लगेज लागन."

"वाद्य आहे हे."

"वाजवून दाखव."

"लाइन नाही इथं."

"मंग सामान आहे."

दुसरी कसोटी वॅटची. इथे गावातल्या प्रत्येकाला मत होतं, कारण नागपूर-रायपूरकडच्या धुमाल बँडची गाडी सगळ्यांनी छातीत झेललेली आहे. नाटक बोलावणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "घेतोस तं हजारच्या खाली पाहूच नोको." वॅटचं गणित फार कंजूष असतं, हे त्यांना सांगणार कोण? वॅट दुप्पट केले तर आवाज तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे शेजाऱ्याची भुवई हलते इतकाच. कानाला दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. पन्नासाचे पाचशे केले तर आवाज दुप्पट, आणि हप्ता किती पट ते दुकानदार सांगतो. त्यात माणसाचा कान खालच्या सुरांना बहिरट. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली त्याचे आलेखच काढून ठेवले आहेत. बेसची सगळ्यात खालची तार सेकंदाला एक्केचाळीस वेळा हलते. तेवढ्याच जोराने ऐकू यायचं तर तिला गिटारच्या कितीतरी पट ताकद लागते. म्हणून तीस वॅटचा गिटारवाला शंभर वॅटच्या बेसवाल्याला सहज झाकून टाकतो, आणि वर विचारतो, "तू वाजवत होतास का?"

तिसरी कसोटी स्पीकरची. मोठा स्पीकर म्हणजे मोठा बेस, असं मीही मानत होतो. पण आमच्या घरी आर. डी. बर्मनची गाणी वाजली ती बारक्या ट्रान्झिस्टरवर, ज्याचा स्पीकर बशीएवढाही नव्हता. टोनी वाझ यांनी त्या गाण्यांत वाजवलेला बेस त्याच्यातून खऱ्या खोलीने बाहेर पडणं अशक्य होतं. तरी आम्ही तो गुणगुणत होतो. कारण मूळ सूर हरवला तरी त्याच्या वरच्या पटीतले सूर कानावर पडले की मेंदू गाळलेली जागा स्वतः भरतो. म्हणजे एक्केचाळीसचा एक्केचाळीस ओकणारा स्पीकर हवाच, असं नाही. नीट बोलणारा बारा इंची पुरे. उरलेलं श्रोत्यांच्या मेंदूवर सोपवावं, मेहनताना न देता.

एवढं ज्ञान घेऊन नागपूरला निघालो. १९०८ पासून धावणारी नॅरोगेजची छोटी गाडी गेज बदलायला २०१९ मध्ये बंद झाली, म्हणून उमरेडवरून बसने. सीताबर्डीच्या एका दुकानात ॲम्प कोपऱ्यात ठेवला होता. पोराने खालच्या तारेवर अंगठा हाणला आणि काउंटरची काच थरथरली. सुंदर! पण कोपरा फसवा असतो. दोन भिंती आणि फरशी खालचे सूर परतवून देतात आणि लहान ॲम्प मोठा वाटतो. आमचं नाटक मोकळ्या बांधीत, तिथे भिंती नाहीत. तिथे खालचा सूर निघाला की सरळ पुढच्या गावाला जातो, आणि तिथे दुसऱ्या कंपनीचं नाटक चालू असतं.

"बाहेर रस्त्यावर ठेवून वाजवू का?" मी विचारलं.

दुकानदार म्हणाला, "भाऊ, बाहेर ट्रॅफिक आहे."

"असू द्या. आमच्याकडे पोट्टे रडतात, त्याच्यापेक्षा ट्रॅफिक शांत."

त्याने ॲम्प बाहेर काढू दिला नाही, मात्र दुकानाच्या मधोमध, भिंतींपासून लांब आणि स्टुलावर ठेवू दिला. काच थरथरायची थांबली आणि ॲम्प खरं बोलू लागला. कॉम्बो थोडा उंच किंवा तिरका ठेवला की आवाज पोटऱ्यांऐवजी कानाला लागतो, हेही तिथेच पटलं. पोटऱ्यांना संगीताची जाण कमी असते.

घरी आलो तर अमेरिकेतल्या मावसभावाचा फोन: "मी येताना घेऊन येतो, इकडे स्वस्त पडतो." तिकडची वीज एकशे वीस व्होल्टची, आपली दोनशे तीसची. तिकडच्यापुरताच बांधलेला ॲम्प इकडच्या प्लगात खुपसला तर आवाजाआधी धूर येतो. मी नको म्हटलं. मावशीला वाटलं, मला सोन्याची चेन हवी आहे.

विजेची गोष्ट निघाली तर जनरेटरबद्दल सांगायलाच हवं. बांधीत सगळा कारभार त्याच्यावर. अर्थिंग बहुतेक वेळा कागदावर, आणि कागद कुणाकडे ते माहीत नाही. त्यामुळे ॲम्प चालू केला की तो आधी स्वतःचं एक गाणं म्हणतो: हूंऽऽ. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. बेसवरचा खालचा जी, म्हणजे पांढरी पाचचा षड्ज, एकोणपन्नासाचा. ही घरघर त्या सुराच्या किंचित वर असते, धड सुरात नाही आणि धड बाहेर नाही. मात्र हॅलोजनचा भार पडून जनरेटर जरा दमला, की तो घसरत घसरत नेमका एकोणपन्नासावर येतो. पांढरी पाचमधली लावणी चालू असेल तर त्या रात्री जनरेटर तानपुरा धरतो. इतर पट्ट्यांत तो बेइमानी करतो. म्हणून माझ्या यादीत दोन गोष्टी वाढल्या: मागे साऊंडवाल्याला लाइन द्यायला एक्सएलआरचं भोक, आणि त्याच्याजवळ अर्थ तोडणारं बटण.

यादी वाढत गेली तसा निर्णय मागे पडत गेला. शेवटी बाबा चिडले. "आपल्याच तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. १९८३ साली पटेल-३ च्या बांधीत वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या उचलल्या, पेरत गेले, आन् एचएमटी धान देल्लं देशाले. घड्याळाचं नाव पडलं, बस. तुले एक डबा निवडता येऊन नाही रायला!" दादाजींनी त्या लोंब्या वर्षानुवर्षं पारखल्या होत्या, असं मी पुटपुटलो. "पारखल्या," बाबा म्हणाले, "पन पेरल्या आधी."

यावर उत्तर नव्हतं. घेतला. बारा इंची, शंभर वॅट, दहा किलो. साऊंडवाला म्हणाला, "लहान आहे." पॅडवाला म्हणाला, "माह्या स्टुलाच्या कामाचा आहे." बायकोने त्यावर कापड शिवलं, कारण दव पडतं आणि कारण कापड नसलेली वस्तू आमच्या घरात उपरी असते. तणसाची गादी करून तो कंपनीच्या गाडीत पडद्यांच्या वळकट्यांमध्ये बसवला आणि तळोधीच्या पुढच्या एका गावी त्याचं पहिलं नाटक लागलं.

आमची बैठक मंचाच्या पुढ्यात, खाली. ॲम्प कीबोर्डवाल्याच्या आणि माझ्या मधे ठेवला, विटेवर तिरका. नांदी संपली, पहिलं गाणं सुरू झालं, आणि मला स्वतःचा पहिला सूर ऐकू आला. तो चुकीचा निघाला नाही, याचं श्रेय ॲम्पला नाही. पण खरी घटना उजवीकडे घडत होती. कीबोर्डवाल्याने दोन ओळी ऐकल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि डावा हात पट्ट्यांवरून उचलला. इतकी वर्षं माझ्या पोटावर बसलेला तो हात दुसऱ्या गाण्याला मोकळा हवेत होता. तिसऱ्याला त्याने चहाचा कप धरला. दुसऱ्या अंकात तो खर्रा घोटत होता. डबा ऐकू कोणाला येणार, या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं: एका माणसाला, पण तो योग्य माणूस निघाला. घरी हे सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "म्हंजे त्याच्या चहासाठी एवढे पैसे?"

आणि प्रेक्षक? पहाटे सामान आवरत होतो, तर मंडळाचे दोघे जण कानटोपी सारत आले. एक म्हणाला, "लय मस्त झालं बाप्पा औंदा. छातीत धम्म धम्म वाजत होतं. जनरेटर कोनाचा आहे?"

मी ॲम्पकडे पाहिलं, जनरेटरकडे पाहिलं.

"काहून?"

"पुढच्या साली नाटक कोनतंबी चालन. जनरेटर हाच पायजे."

विसाराचे पैसे त्यांनी हातात आणलेच होते. डिझेल मंडळाचं, या अटीवर मी होकार दिला.