बोट, पडाव आणि उंबरा

"आलीस गो? ये अशी गडग्याशी. चहाला बोलवत नाही, दूध नासलंय."

माई परत येऊन आठवडा झाला होता. अप्पांची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली त्याला चार वर्षं झाली. त्यांना घेऊन ही बाई सिंगापूरहून क्रूझला निघाली तेव्हा अख्ख्या वाडीने नावं ठेवली. मीसुद्धा. खोटं कशाला बोलू?

"अप्पांना बोट लागली का हो?"

"त्यांना कसली लागते! लागली मला. मी आडवी आणि हे चाकांच्या खुर्चीत बसून हसतायत. पण फसणार होतो बरं का. एजंट म्हणाला, काकू, सगळं होतं. सुनेने खोदून विचारलं तेव्हा कळलं, साध्या केबिनचं दार २२-२३ इंचांचं नि आमची खुर्ची २५! वर न्हाणीला हा एवढा उंबरा. खुर्चीवाल्यांच्या केबिनी निराळ्या. दार ३२ इंच, न्हाणी सपाट, भिंतीला धरायला दांडे. पण मोजक्याच. पाच महिने थांबलो तशा केबिनीसाठी."

"खुर्ची बोटीवर देत नाहीत?"

"चढण्या-उतरण्यापुरती. बाकी आपली आपण न्यायची. नि रात्री आत घ्यायची, बोळात ठेवू देत नाहीत. पहिल्या दिवशी संकटात कुठे जमायचं ते दाखवलं. तेव्हा लिफ्ट वापरायची नसते म्हणे. मी हात वर केला, 'मग यांचं काय?' लगेच नाव लिहून घेतलं, कोण न्यायला येईल तेही सांगितलं. न विचारता कोण सांगतंय! आणि लिफ्ट म्हणजे जेवणाच्या वेळी नुसतं एस.टी. स्टँड. धडधाकट माणसं एका मजल्यासाठी आत घुसतात. तिसऱ्यांदा मी मराठीत ओरडले. बरोबर समजलं."

पेनांगला बोट थेट धक्क्याला लागली, खुर्ची भुर्रकन बाहेर. पण जॉर्ज टाऊनच्या जुन्या दुकानांपुढच्या पडव्या एकसारख्या नाहीत, दर दुकानाची पायरी निराळी. शेवटी माईने खुर्ची रस्त्यावरूनच ढकलली.

"आणि फुकेत?"

माईने गडग्यावरचं शेवाळ नखाने खरवडलं.

"तिथे बोट बाहेर समुद्रातच उभी. लहान होडीतून किनाऱ्याला जायचं. हे म्हणाले, अगो, हा तर आपला पडाव! लहानपणी बोटीतून असेच उतरायचे ना. पण पाणी हलत होतं. खलाशी म्हणाले, खुर्ची नाही. हे म्हणाले, तू जा."

"राहिलात ना?"

"गेले!"

मी गप्प.

"दोन तास गेले. चार वर्षांनी हात मोकळे होते बघ, काही ढकलायचं नव्हतं. मला वाटलं रडू येईल. भूक लागली. दोन शहाळी प्याले, भात खाल्ला, एकटीने. परत येऊन बघते तर हे वरच्या डेकवर एका म्हाताऱ्याशी पत्ते खेळतायत, डाव्या हाताने. मला म्हणतात, एवढ्यात आलीस?"

पदराने हात पुसून ती वळली, आणि पुन्हा माघारी आली.

"हां, बुधवारी गवंडी यायचाय. न्हाणीचा उंबरा फोडायला. धूळ तुझ्याच अंगणात येणार. पापड आत घे."