कशावरूनकाका

ओळख करून द्यायला नको. तुमच्याही कॉलनीत ते असतीलच. बिस्किटाचा पुडा पुढे केला की आधी तो उलटा करतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "कशावरून?"

परवा धरमपेठेत संत्र्याच्या गाडीवर हेच. "घ्या साहेब, गोड हायेत."

"कशावरून? अंबिया की मृग?"

"मृग."

"कशावरून?"

त्यानं निमूटपणे एक फोड पुढे केली. ती चघळत काका सुरू झाले. अमेरिकी तक्त्यात या जातकुळीच्या 100 ग्रॅम फळाला 53 कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 साली 528 खाद्यपदार्थांचे तक्ते काढले, तेही देशभरातले नमुने तपासून. म्हणजे सगळी सरासरी! झाड कुठलं, बहार कुठला, तोडून किती दिवस झाले, याचं काय? "तुझं संत्रं सरासरी आहे का?"

गाडीवाला दुखावला. "सरासरी? नाही जी, काटोलचं हाय!"

आमच्याकडे शेवेच्या पाकिटावर कॅलरी दशांशासकट छापलेल्या दिसल्या. "कशावरून? कोणी जाळून पाहिली?" मग भर दिवाळीत ॲटवॉटरसाहेब अवतरले. 19व्या शतकातल्या या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या हिशोबानं प्रथिनं आणि कर्बोदकांना ग्रॅममागे 4, स्निग्धांशाला 9. पाकिटावर बहुधा हाच गुणाकार. बदामाशी तो फसला. अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी 2012 साली माणसांना बदाम खाऊ घालून मोजलं, तर 28 ग्रॅममधून 170 नव्हे, 129च कॅलरी अंगी लागतात. "म्हणजे आणखी 7 चालतात," म्हणत काकांनी आमच्या वाटीतले मोजून 7 उचलले.

तर्री-पोह्यांवरचा लाल तवंग तेवढा त्यांच्या चौकशीतून कायम सुटतो.

पोरांच्या वाढदिवसाला रसाच्या खोक्यावरचं '100 टक्के फळांचा रस' वाचून ते "कशावरून?" म्हणायचे, तेव्हा आम्ही हातात केक देऊन त्यांना कोपऱ्यात बसवायचो. जून 2024मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अर्कात पाणी मिसळून केलेल्या रसांवरून हा दावा काढायला सांगितला. मानायला जड जातं, पण बातमीचं कात्रण घेऊन मी स्वतः त्यांच्याकडे गेलो. शेजारची चौथीतली पोरगी तिथे बसून एक खोकं उलटं करून वाचत होती. कॉलनीतल्या पोरांना ही खोड आता लागलीच आहे.

काकांनी कात्रण मोठ्यानं वाचलं. पोरगी म्हणाली, "आजोबा, मग इतकी वर्षं छापू दिलं, ते कशावरून?"

याचा तक्ता काकांकडे नव्हता.