टीसी आणा!

आमच्या भाच्याला दहावीला ८४ टक्के पडले आणि मेहकरच्या घरात रडारड सुरू झाली. पेढ्यांच्या आधी टीसीचा प्रश्न आला. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाला, म्हणजे आता कॉलेजच्या खिडकीवरच्या बाबूच्या आधी संगणकही टीसी मागतो. संगणकापुढे हात जोडता येत नाहीत, म्हणून ताई खिडकीवर गेली.

‘‘टीसी?’’

‘‘पोरगा घरीच शिकलाय.’’

‘‘हाव, पण शाळा सोडल्याचा दाखला?’’

‘‘तो शाळेत गेलाच नाही हो.’’

‘‘म्हणूनच तं म्हणतो बाई, सोडल्याचा आणा.’’

ताईने मुक्त विद्यालयाची गुणपत्रिका सरकवली, सोबत स्थलांतर प्रमाणपत्र. बाबूंनी ते उलटसुलट पाहिलं. ‘‘हे तं स्थलांतराचं झालं. कुठून कुठं गेला पोरगा?’’

ओसरीतून माजघरात, आणखी कुठं!

हे आम्हाला नवीन नव्हतं. दोन वर्षांपूर्वी १७ नंबरचा फॉर्म पाहिला होता. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांसाठीचा फॉर्म, आणि त्यालाही शाळा सोडल्याचा दाखला! मूळ प्रत नसेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र चालतं. म्हणजे हरवलेल्याची सोय आहे, मुळात नसलेल्याची नाही. जात पडताळणीला तर आजोबांचाही दाखला शोधतात. आमचे आजोबा दुसरीतून गुरं राखायला गेले, पण गेले ते रीतसर.

शेवटी ताईने स्वतःच दाखला लिहायला घेतला. नमुन्याला तिचाच जुना. जनरल रजिस्टर नंबर : १. दाखल झाल्याचा दिनांक : जन्मतारीखच टाकली, अंकी आणि अक्षरी. प्रगती : चांगली. ‘वर्तणूक’पाशी पेन अडला, खरं लिहिलं असतं तर दाखला बाद झाला असता. शाळा सोडल्याचा दिनांक कोणता लिहावा? कार्टं रोज रात्री भाकरी खायला त्याच शाळेत हजर. आणि शाळा सोडण्याचं कारण? आपल्या सगळ्यांच्या दाखल्यावर असतं तेच : ‘पालकांचे विनंतीवरून’. मग पालक ताईने मुख्याध्यापक ताईकडे रीतसर विनंती केली. मुख्याध्यापक ताई म्हणाली, अर्ज ठेवून जा, साहेब दौऱ्यावर आहेत, सोमवारी या. साहेब, म्हणजे आमचे दाजी, सोयाबीनला फवारा मारत होते. सोमवारी सही झाली, शिक्का राहिला. तो बटाट्याचा कोरला.

हसलात? आता ताईच्या शेजारच्या बंगल्यातलं ऐका. तिथला पोरगा दोन वर्षं लातूरला क्लासला होता. नाव मात्र घाटाखालच्या एका ज्युनिअर कॉलेजच्या पटावर. कॉलेज त्याने प्रॅक्टिकलच्या दिवशी पाहिलं, तेही रस्ता विचारत. हजेरी ७५ टक्क्यांच्या वर. लातूरहून रोज दहाच्या ठोक्याला तो ‘हजर’ म्हणायचा आणि घाटाखाली ऐकू यायचं! त्याच्या टीसीवर ‘वर्तणूक : उत्तम’. असणारच, कुणी पाहिलाच नाही तर बिघडणार कशी? वर्गात बाक रिकामे, पट भरलेला, मास्तर भिंतीला शिकवतो, बापाने फी दोन ठिकाणी भरलेली, हे सगळ्या गावाला, सगळ्या तालुक्याला, सही करणाऱ्याला आणि तपासायला येणाऱ्यालाही ठाऊक. तरी त्या कागदाला कोणी हात लावत नाही. खोटं बोलणाऱ्याच्या हातात गोल शिक्क्याचा दाखला, आणि माझी बहीण खरं सांगते म्हणून तिला तीन चकरा. संताप होतो तो याचा.

चौथ्या चकरेला बाबू जरा विरघळले. इकडंतिकडं पाहत खिडकीबाहेर वाकले.

‘‘असं करा बाई, आमच्या वळखीची एक शाळा आहे. तिथं पोराचं नाव टाकून देऊ. हजेरीचं आमी पाहून घेतो. पुढच्या साली सोडल्याचा दाखला घ्या आन् या.’’

‘‘आणि तोवर त्याने अभ्यास कुठं करायचा?’’

‘‘घरीच करू द्या ना.’’