नसलेलं पुणे पायी कसं पाहावं

जुनं पुणे एका दिवसात पायी पाहून होतं. शनिवारवाड्यापासून सारसबागेपर्यंत जेमतेम तीन किलोमीटर. वाटेत फार रेंगाळावंही लागत नाही, कारण पाहायच्या बऱ्याचशा गोष्टी जागेवर नाहीत. नवखा माणूस इथेच फसतो. तो वास्तू शोधत बसतो. जाणकार मात्र मोकळ्या जागेसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि ‘इथेच होता बरं का’ म्हणतो. एवढं जमलं की निम्मं पुणे पाहून झालं. सोबत सवयीच्या चपला, टोपी आणि पाण्याची बाटली असावी. कॅमेरा ऐच्छिक.

सुरुवात शनिवारवाड्यापासून करावी. दिल्ली दरवाजा आणि वरचा नगारखाना शाबूत असल्यामुळे आत काहीतरी असेल असा समज होतो. दरवाजावर हत्तीने धडक देऊ नये म्हणून ठोकलेले अणकुचीदार खिळे आहेत, ते प्रत्येक पर्यटकाने बोट लावून तपासायचे असतात. मग तिकीट काढून आत जावं. आत हिरवळ, दगडी चौथरे आणि चौथऱ्यांवर बसलेली जोडपी. पहिल्या बाजीरावांनी 1730 साली पाया घातलेला हा वाडा 1828 च्या आगीत जळाला. दगड तेवढा उरला, लाकूड गेलं. आता मधल्या चौथऱ्याजवळ उभं राहून मान वर करावी आणि हवेत सात मजले मोजावेत. सातव्यावरून आळंदीचा कळस दिसायचा म्हणे. दिसेपर्यंत थांबावं. मान अवघडली तर हजारी कारंज्याकडे वळावं. नाव हजारी, तोंडं दोनशेच्या आत. याला पाणी थेट कात्रजच्या तलावातून, जमिनीखालच्या नळातून यायचं. हा कात्रज लक्षात ठेवा, पुढे लागेल. नारायणराव पेशव्यांचा खून इथलाच, 30 ऑगस्ट 1773. ‘काका, मला वाचवा’ ही आरोळी अमावास्येला ऐकू येते की पौर्णिमेला, यावर दोन पुणेकरांना बोलतं करून आपण सटकावं.

जवळच लालमहाल आहे. शाहिस्तेखानाची बोटं छाटली गेली तो महाल हा नव्हे. हा महापालिकेने 1980 च्या दशकात बांधला. तरीही ‘खान नेमका कुठल्या खिडकीतून पळाला?’ असं विचारणारा एक जण प्रत्येक गटात असतो. त्याला कुठलीही खिडकी दाखवावी. कसबा गणपतीला नमस्कार करून दगडूशेठकडे निघावं.

दगडूशेठसमोर सगळे रस्त्याकडे पाठ करून फोटो काढतात. आपण उलट वळावं. इथे भिडेवाडा होता. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1848 साली याच वाड्यात मुलींची शाळा काढली. वर्षानुवर्षं तो पडक्या अवस्थेत उभा राहिला, कज्जे चालले, आणि अखेर डिसेंबर 2023 मध्ये स्मारक बांधता यावं म्हणून तो पाडण्यात आला. आपल्याकडे स्मारक होण्यासाठी आधी नाहीसं व्हावं लागतं, हा नियम माणसांपुरता होता. आता वाड्यांनाही लागू झालाय.

पत्ता विचारण्याचंही एक तंत्र आहे. रस्त्याचं नाव विचारू नये, देवाचं विचारावं: जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, पासोड्या विठोबा. फक्त ‘खुन्या कुठे राहतो?’ असं अर्धवट ओरडू नये, पूर्ण ‘खुन्या मुरलीधर’ म्हणावं. समोरचा ज्येष्ठ असेल तर संवाद साधारण असा होतो:

‘काका, मंडई कुठे?’

‘आर्यन टॉकीज माहितीये?’

‘नाही.’

‘मिनर्व्हा?’

‘नाही हो.’

‘मग कसं सांगणार तुम्हाला?’

दोन्ही टॉकीज केव्हाच गेली. त्यांच्या जागी वाहनतळ आहेत आणि वाहनतळांना तीच नावं आहेत, म्हणजे काकांचं काही चुकलेलं नाही.

वाटेत दुसऱ्या बाजीरावांचा विश्रामबागवाडा लागेल. नक्षीदार लाकडी खांब, सज्जा, सगळं समोर दिसतं. जे दिसतंच आहे त्यासाठी कल्पनाशक्ती कशाला खर्च करायची? पाच मिनिटं पुरे. तुळशीबागेच्या बाजारात बरोबरच्या महिलामंडळाला सोडू नये, सोडल्यास दिवस तिथेच संपला असं समजावं. बाजीराव रस्त्यावर वाहतूक एकेरी आहे; ओलांडताना दोन्हीकडे पाहावं.

याच रस्त्यावर पुढे राजा दिनकर केळकर संग्रहालय. इथे सगळा हिशेब उलटा होतो. पहिल्या बाजीरावांनी कोथरूडला मस्तानीसाठी बांधलेला महाल दिनकररावांनी मिळेल तेवढा उचलून आणून इथे पुन्हा उभा केला. म्हणजे महाल आहे, पण जिथे आहे तिथे तो कधी नव्हता. आणि जिथे होता तिथे आता नाही. इथले अडकित्ते मात्र सावकाश पाहावेत. सुपारी कातरायच्या दोन पात्यांवर घोडे, पोपट, माणसं घडवायला कारागिरांना एवढी सवड होती, याचा खरा हेवा वाटतो. संग्रहालयाच्या नावातला राजा म्हणजे दिनकररावांचा लहानपणीच गेलेला मुलगा. हे कळल्यावर मंडळी जरा गप्प होतात. होऊ द्यावं.

शेवट सारसबागेत. इथला गणपती ‘तळ्यातला गणपती’. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं, त्यात बेट राखलं. बेटावर सवाई माधवरावांच्या काळात 1784 साली गणपती बसला. तळं पुढे बुजवून बाग केली. गणपतीने पत्ता बदललेला नाही. इथे भेळ खावी, हिरवळीवर पाय पसरावेत आणि आपण बसलोय ते पाण्यात, हे मुलांना पटवून द्यावं. मुलांना पटत नसेल तर शेजारच्या पेशवे पार्कात न्यावं. तिथे पूर्वी वाघ-सिंह होते. ते कात्रजला हलवले. पेशवाईत पाणी कात्रजहून आलं, आपण जनावरं पाठवून फेड केली.

प्राणी प्रत्यक्षच पाहायचे असा ज्यांचा हट्ट असेल त्यांनी स्वारगेटहून कात्रजची बस धरावी. बुधवारी प्राणिसंग्रहालय बंद असतं.