आधीचा मालक

बापट तुमच्याही ओळखीचे असणार. अमेरिकेत जुनं घर घेतलेला प्रत्येक मराठी माणूस थोडाफार बापट होतोच; आमचे न्यू जर्सीचे बापट पूर्ण झालेत. त्यांच्याकडे जेवायला गेलं की चपला काढायच्या आत ते आपल्याला फॅमिली रूममधल्या फायरप्लेससमोर उभं करायचे. जमिनीपासून छतापर्यंत लालभडक विटा, 1960 च्या दशकातल्या घरांत असतात तशा. विटेवर बोटाची पेरं आपटून बापट म्हणायचे, "बघितलंत? आधीच्या मालकाचे प्रताप!"

हा आधीचा मालक आम्ही कुणी पाहिलेला नाही. सह्या करून तो फ्लोरिडाला गेला म्हणे. पण बापटांच्या घरात कुलदैवतापेक्षा त्याचंच नाव जास्त निघायचं. नळ गळला, आधीचा मालक. तळघरात ओल, आधीचा मालक. मुलाला गणितात 'बी' मिळाला, तर त्या खोलीतला दिवा त्यानेच चुकीच्या जागी लावलेला. एकदा वहिनींचं वरण करपलं. शेगडीही त्याचीच निघाली.

फायरप्लेस 'अपडेट' करायची म्हणून बापटांनी आधी जाडजूड ओकची फळी आणून वर ठोकली. तपासनीस आला, टेप लावली आणि म्हणाला, जाळाच्या तोंडापासून 6 इंचांच्या आत लाकूड चालत नाही. फळी उतरली. दोष अर्थातच तोंड एवढं उंच ठेवणाऱ्याचा. मग चिमणीवाला आला. आत काजळीचं डांबरासारखं पेट घेणारं पुट, मातीच्या नळकांड्यांना तडे. स्टेनलेस स्टीलचं नळकांडं आत सोडलं, त्या खर्चात पुण्याला जाऊन येता आलं असतं. मधल्या काळात बापटांनी काउंट रम्फर्ड वाचला. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेल्या या गृहस्थाने 1790 च्या दशकातच सांगून ठेवलंय की चूल उथळ हवी, बाजू तिरक्या हव्यात, म्हणजे ऊब खोलीत येते. नाहीतर खोलीतलीच गरम हवा धुराबरोबर वर जाते. "एवढं साधं त्याला कळू नये?" 'त्याला' म्हणजे कुणाला, हे आम्ही विचारत नसू.

एक मात्र कबूल करायला हवं. 2012 च्या ऑक्टोबरअखेर सँडी वादळ आलं आणि आमच्या गल्लीतली वीज कित्येक दिवस गेली. आम्ही हौसेने बसवलेल्या इलेक्ट्रिक ज्वाळा रिमोटसकट गार पडल्या. बापटांनी स्वतः दारोदार फिरून सगळ्यांना बोलावलं, रात्रभर जागून लाकडं सारली, शेजारच्या आजींना विटांना टेकून बसवलं. जाळ बसल्यावरही विटा बराच वेळ कोमट राहतात. त्या रात्री बापटांनी आधीच्या मालकाला एकही शिवी दिली नाही.

पण पुढे घर विकायचं ठरलं आणि एजंटने पांढऱ्या रंगाचं खूळ डोक्यात घातलं. गवंडी म्हणाला, चुन्याची सफेदी करा, वीट श्वास घेते. बापट म्हणाले, चुना गोठ्याला. दोन हात ॲक्रिलिक मारलं. वीट सच्छिद्र; रंग एकदा आत मुरला की पुन्हा मूळ वीट दिसणं कठीण. घर बघायला एक तरुण जोडपं आलं. मुलगी भिंतीवरून हात फिरवत हळहळली, "अरेरे, इतक्या छान जुन्या विटा! रंग कुणी दिला?"

बापटांनी पापणीही लवू दिली नाही. "आधीच्या मालकाने."

आता बापट आणि वहिनी नव्याकोऱ्या काँडोत राहतात. तिथे आधी कुणी राहिलेलंच नाही. काही बिघडलं की कंपनीचा माणूस येऊन मुकाट्याने दुरुस्त करून जातो. परवा रविवारी सकाळीच बापटांचा फोन आला. हवापाणी झालं, गुडघे झाले. मग जरा घुटमळून म्हणाले, "तुमच्याकडे काही गळतंय का हो?"