सीपीयू चावतो

शहाद्याला रेल्वे नाही. सुरत-भुसावळ मार्ग तापीच्या दक्षिणेकडूनच दोंडाईचा, नंदुरबार करत निघून जातो आणि शहादा तापीच्या पलीकडे, सातपुड्याच्या बाजूला, आपल्या केळी-पपईत खुशाल बसलेलं असतं. म्हणून मामेभावासाठी मी पुण्यात स्वतःच्या हातांनी जोडलेला कॉम्प्युटर एस.टी.ने न्यायचा ठरला. ‘स्वतःच्या हातांनी’ हे शब्द त्या महिन्यात मी फार वापरले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाचा येतोय, तो कॉम्प्युटर घेऊन येतोय आणि तो त्याने स्वतःच्या हातांनी जोडलाय, हे शहाद्यात माझ्याआधी पोचलं होतं. जोडताना एक स्क्रू कमी भरला होता, हे मात्र पोचलं नव्हतं. तो कंपनीनेच कमी दिला असणार, असा निकाल मी पुण्यातच देऊन टाकला होता.

“आत काय आहे?” कंडक्टरने विचारलं.

“सीपीयू.”

खरा सीपीयू आत पंख्याखाली, क्रीमच्या बिस्किटाएवढा. पण आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, आणि सामानाचं तिकीट फाडणाऱ्याशी व्याख्येवरून वाद घालू नये.

धुळ्याला गाडी बदलली. आता डबा मांडीवर होता. शेजारचे आजोबा सारंगखेड्याचे. दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा बाजार भरतो. आजोबांची हयात त्या बाजारात गेलेली. त्यांनी आधी डब्यावर थाप मारली. मग खाली वाकून त्याचे रबरी पाय पाहिले. दात बघायला तोंड सापडेना, आणि देवमणाचा शुभ भोवरा कुठे असावा याचा अंदाज येईना, तेव्हा विचारलं, “हाई काय शे, भाऊ?”

मी सांगितलं.

“किती हॉर्सपॉवर?”

मी मोबाईलवर हिशोब केला. आतला एसएमपीएस, म्हणजे घरची वीज घेऊन कॉम्प्युटरला पचेल अशी करून देणारा डबा, साडेचारशे वॅटचा. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट. “0.6,” मी म्हणालो.

“माझ्या विहिरीवर पाचची आहे,” असं म्हणून आजोबांनी कॉम्प्युटर या विषयातून कायमचं लक्ष काढून घेतलं. सारंगखेड्याला तापी आली, ते उतरले. नदीपासून शहाद्यापर्यंत गाडी इतकी खुळखुळत होती की त्यातला माझ्या मांडीवरचा खुळखुळाट वेगळा ओळखू येणं शक्यच नव्हतं. तो ओळखू यायला हवा होता.

घरी पोचल्यावर ओवाळणी झाली. भाच्याची आधी, कॉम्प्युटरची नंतर. बटण दाबलं. काही नाही. मी गंभीर झालो, पेचकस मागितला. मामा मागे जाऊन म्हणाले, “भाचे, इथे एक खटका आहे, तो शून्यावर आहे.” प्रवासासाठी तो मीच शून्यावर केला होता.

खटका वर केला, बटण दाबलं. पंखा अर्धा वळसा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा अर्धा वळसा. कोणी हाक मारल्यावर मान वळवावी आणि ओळख दाखवायची नाही, तसं.

तासाभरात ओटा भरला. हा शेतकऱ्यांचा गाव. स्टार्टर, कॅपॅसिटर आणि डीपी यांबद्दल इथल्या चौथीच्या पोरालाही मत असतं. थ्री फेज आठवडाभर दिवसा आणि आठवडाभर रात्री सांभाळून माणसं विजेत पीएच.डी. झालेली. एकाने ‘फेज गेला असेल’ म्हटलं, दुसऱ्याने ऑटो स्विच बसवायला सांगितला, तिसऱ्याने बेअरिंगला ग्रीस सुचवलं. मी मल्टिमीटर लावला; सॉकेटला 218 आले. म्हणजे दोष आतच होता, आणि आतला तज्ज्ञ मी.

आता एसएमपीएसची परीक्षा. त्याची 24 पिनांची जाड वायर मदरबोर्डमधून उपटायची आणि हिरवी तार कुठल्याही काळ्या तारेशी जोडायची. काळी म्हणजे शून्य; हिरवी शून्याला टेकली की एसएमपीएसला वाटतं, बोर्डाने जाग आणली. पंखा फिरला तर एसएमपीएस जिवंत. तार नव्हती, म्हणून मामींकडून केसांची पिन मागितली. पिन खोचली. पंखा ढिम्म. दुसरी खोचली. तरीही ढिम्म. “एसएमपीएस गेला,” मी जाहीर केलं. डॉक्टर लोक बाहेर येऊन चष्मा काढतात, तसा मीही काढला.

शहाद्यातल्या कॉम्प्युटर दुकानाला कुलूप होतं. लग्नसराई, दुकानदार नवरदेवाचा मामा निघाला. तेव्हा सुटा केलेला एसएमपीएस पिशवीत घालून दुसऱ्या दिवशी नंदुरबार. वाटेत प्रकाशा लागतं. तिथे गोमाई तापीला मिळते, केदारेश्वराचं देऊळ आहे, आणि या भागात त्याला दक्षिण काशी म्हणतात. शंभर वेळा काशी आणि एक वेळा प्रकाशा, असा इथला हिशोब. वीज शोधायला निघालेल्या माणसाच्या वाटेत प्रकाशा नावाचं तीर्थ यावं, हा विनोद मी गाडीत दोघांना सांगितला. दोघेही तिथलेच निघाले. त्यांनी तो लहानपणापासून ऐकलेला होता.

नंदुरबारच्या दुकानदाराने उघड्या तारेचा तुकडा खोचला. पंखा भुर्रकन फिरला.

“तुम्ही कशाने बघितलं?”

मी खिशातली पिन दाखवली. त्याने ती नखाने खरवडली. काळा रंग निघून खाली लोखंड दिसलं. “रंगातून करंट जात नाही,” तो म्हणाला आणि चहा मागवला. चहाचे पैसेही घेतले नाहीत. इतकी दया मला कुठल्याच बिलाने दाखवली नसती. परतताना प्रकाशाला पुन्हा तेच दोघे चढले असते तर मी उतरलो असतो.

संध्याकाळी एसएमपीएस परत बसवायला कॅबिनेट आडवं केलं. खळ्ळ. उलटं केलं. खळ्ळ. मदरबोर्ड सोडवला, तर त्याच्या पाठीशी, पितळी खुंट्यांच्या मधोमध, कंपनीने न दिलेला तो स्क्रू. पुण्यात तो कुठेतरी कोपऱ्यात पडून असणार. धुळे-शहादा रस्त्याने त्याला नेमक्या जागी नेऊन बसवलं. तिथे तो दोन ठिकाणं जोडत होता, आणि आत शॉर्ट दिसला की एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो. म्हणजे दोन दिवस तो बिचारा आपलं काम चोख करत होता. स्क्रू मी कोणाला न दाखवता खिशात टाकला. मामेभावाने पाहिलं, त्याच्या गप्प बसण्याचा भाव शंभर रुपये ठरला.

कॉम्प्युटर सुरू झाला. आखाजी सत्कारणी लागली. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस पोटात गेल्यावर मी पुन्हा ‘स्वतःच्या हातांनी’ म्हणायला लागलो. तेवढ्यात मामी फरशी पुसता पुसता किंचाळल्या.

“अरे, तुझा सीपीयू चावतो!”

मी हात लावून पाहिला. पायात चप्पल होती, काही नाही. चप्पल काढली. चावला. बारीक, मुंग्या आल्यासारखा, पण चावला.

या वेळी मला बाजूला बसवून वायरमन बोलावला. साठीचे गृहस्थ, पिशवीत एकच यंत्र: होल्डरमध्ये शंभराचा बल्ब आणि त्याला दोन तारा. एक तार फेजला, दुसरी न्यूट्रलला; बल्ब लख्ख. दुसरी तार अर्थिंगच्या भोकात घातली. बल्ब विझल्यातच जमा. त्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलंसुद्धा नाही.

“खराबी मशीनमा नही शे, जमीनमा शे.”

मग मला कळलं. एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणी म्हणून दोन छोटे कॅपॅसिटर असतात. ते विजेतला कचरा डब्याच्या पत्र्यावर सोडतात आणि पत्र्यावरून तो अर्थिंगने जमिनीत जातो. अर्थिंगच नसेल तर पत्रा 230 च्या निम्म्यावर, 115 च्या आसपास, लोंबकळत राहतो. करंट अगदी नगण्य, पण ओल्या फरशीवरच्या अनवाणी पावलाला पुरेसा.

वायरमन परसदारी गेले. शेवग्याखाली अर्थिंगचा खड्डा. मीठ-कोळसा घालून मामांनीच घर बांधताना केलेला. वैशाखातली काळी जमीन, भेगेत अख्खी हाताची बोटं जातील अशी.

“मामी, भांड्यांचं पाणी आधी कुठे जायचं?”

मामींनी खड्ड्याकडे बोट केलं. मागच्या दिवाळीत नवीन मोरी झाली, पाईप टाकला, पाणी गटारात गेलं. पंधरा वर्षं घरादाराचं अर्थिंग भांड्यांच्या पाण्यावर जगत होतं आणि ते कोणाला ठाऊक नव्हतं.

चार बादल्या ओतल्या, थोडं थांबलो. बल्ब आधी लालसर, मग पिवळा, मग लख्ख. मामींनी अनवाणी पायांनी जाऊन सीपीयूवर अख्खा तळवा ठेवला आणि तो तसाच ठेवून मला म्हणाल्या, “माझ्या दोन पिना दे.”

जूनमध्ये मामींचा पुण्याला फोन आला. कॉम्प्युटर झकास चाललाय, रोज संध्याकाळी दोन बादल्या घालते. आता आभाळ भरून आलंय, तेव्हा पावसाळाभर त्याचं पाणी बंद करायचं की एक बादली चालू ठेवायची?